जुनी जीप, नवी बॅटरी आणि रात्रीचा चोर

जांबोटीकर (रविवार, रात्री ९:४०)

नमस्कार मंडळी. गाडी १९९५ची डिझेल जीप, ताडपत्रीचं हूड, पासिंग केए २२. बाबांनी सेकंडहँड घेतलेली. विकायचं नाव काढलं की घरात दोन दिवस कुणी कुणाशी बोलत नाही, त्यामुळे तो सल्ला कृपया देऊ नका.

मुख्य दुखणं म्हणजे बॅटरी रात्रीत बसते. रोज नाही. चार दिवस एका सेल्फात उचलते, पाचव्या दिवशी सेल्फ नुसता ‘टक’ करतो. मग उतारावरून ढकला. आमच्या घरापुढे उतार आहे म्हणून बरं. खानापूरच्या बाजारात हे झालं तेव्हा भाजीवाल्यांनी ढकलून दिली, वर दोन किलो वांगी घ्यायला लावली.

आतापर्यंतचा खर्च: बॅटरी ७५ एएचची (अँपिअर-तास), दोन महिन्यांपूर्वी नवी. त्याआधीची दीड वर्षात गेली. वायरमन म्हणाला डायनामो खराब, म्हणून तो बांधून घेतला. सेल्फचे कार्बन बदलले. दुखणं जिथल्या तिथे.

बारीकसारीक भानगडी आणखी आहेत. ब्रेक दाबला की मागचा डावा इंडिकेटर मिणमिणतो. हेडलाइट लावले की टेंपरेचरचा काटा वर चढतो, बंद केले की खाली येतो. आणि परवा कहर झाला. रात्री दोनची वेळ, पाऊस धो धो, आणि गोठ्याशेजारी उभी असलेली जीप आपोआप हॉर्न द्यायला लागली. थांबेचना. बाबा छत्री घेऊन, मी टॉवेलवर. चावी घरात खुंटीला. शेवटी बॅटरीची तार उपटली तेव्हा गप्प झाली. सकाळी शेजारच्या काकू म्हणाल्या, “गाडीला कायतरी दिसलं असणार.”

मला वायरिंगमधलं फारसं कळत नाही. मल्टीमीटर घ्यायची तयारी आहे. सुरुवात कुठून करू?

शिनोळीकर

काकूंचं बरोबर आहे, नारळ फोडा. 😀
बाकी मीपण हेच करूलालोय गेलं वर्षभर, माझी व्हॅन आहे. धाग्यावर बसून राहतो.

उचगाव६२

सोपी परीक्षा सांगतो. गाडी चालू करा आणि चालू असतानाच बॅटरीचा एक टर्मिनल काढा. गाडी चालू राहिली तर डायनामो चांगला, बंद पडली तर डायनामो गेला. आम्ही चाळीस वर्षं असंच बघत आलो.

वायरमन_निपाणी

काका, रागावू नका, पण जांबोटीकर, हे अजिबात करू नका.

काकांच्या काळात खरा डायनामो असायचा, डीसी. आपण आजही सवयीनं ‘डायनामो’ म्हणतो, पण या जीपला आहे तो अल्टरनेटर. चालू गाडीत बॅटरी काढली की त्याचा व्होल्टेज क्षणभर भलताच उसळतो, कारण तो दाबून धरणारी बॅटरीच नसते. त्या एका उसळीत आतले डायोड जातात, म्हणजे एसीचा डीसी करणारे भाग. माझ्याकडे असे कितीतरी अल्टरनेटर आले, चांगले होते आणि परीक्षेत मेले. शिवाय ही डिझेल आहे. पंप यांत्रिक, बंद करायला ओढायची दांडी. बॅटरी काढली काय आणि डायनामो मेलेला असला काय, इंजिन चालूच राहणार. म्हणजे परीक्षेतून कळणार काहीच नाही.

मल्टीमीटर घ्या. महागाचा नको, पण १० अँपिअरचं वेगळं भोक असलेला घ्या. मग तीन आकडे आणा:
संध्याकाळी गाडी बंद करून तासा-दोन तासांनी बॅटरीचा व्होल्टेज.
सकाळी सेल्फ मारण्याआधी परत तोच.
गाडी चालू असताना, जरा रेस देऊन.

भरलेली बॅटरी शांत असताना १२.६-१२.७ दाखवते. १२.२ म्हणजे निम्मी. १२च्या खाली म्हणजे रिकामीच समजा. चालू गाडीत १३.८ ते १४.४ पाहिजे.

उचगाव६२

रागावलो नाही. पण आमची कुठली गाडी अशी मेली नव्हती, एवढं नोंदवून ठेवतो.

जांबोटीकर (बुधवार)

मीटर आणला. पहिल्या दिवशीच पराक्रम केला. लाल वायर १० अँपिअरच्या भोकात तशीच राहिली आणि व्होल्टेज बघायला बॅटरीला लावली. ठिणगी, आवाज, मीटरमधला फ्यूज खलास. दुकानदाराला न सांगताच कळलं. म्हणाला, “सगळे पहिल्या दिवशी हेच करतात.”

आकडे: सोमवारी संध्याकाळी १२.६, मंगळवारी सकाळी १२.६. मंगळवारी संध्याकाळी १२.६, आज सकाळी १२.२. चालू गाडीत १४.१.

मीटरवाली

मस्त आकडे. मी बेळगावात डिप्लोमाच्या मुलांना मोजमाप शिकवते, गाड्यांचा धंदा नाही, पण हा आकड्यांचा खेळ आहे म्हणून बोलते.

१४.१ म्हणजे चार्जिंग उत्तम. डायनामो बांधून घेण्याचे पैसे गेले, ते सोडून द्या. १२.६ची १२.२ झाली म्हणजे एका रात्रीत साधारण अर्धी बॅटरी गेली, किंवा थोडी कमी. ७५ एएचमधले २५-३० गेले म्हणू. दहा-बारा तासांत २५-३०, म्हणजे सतत अडीच अँपिअरच्या आसपास. घड्याळ किंवा रेडिओची मेमरी इतकं खात नाही, ते मिलीअँपिअरमध्ये असतं. अडीच अँपिअर म्हणजे तीस वॅटचा दिवा रात्रभर चालू ठेवल्यासारखं. आणि तो काही रात्रीच लागतो, रोज नाही.

रोज किती चालते गाडी? जांबोटीतल्या जांबोटीत चार-पाच किलोमीटर चालवत असाल तर एका रात्रीत गेलेलं भरून निघत नाही. लागोपाठ दोन वाईट रात्री आल्या की तिसऱ्या सकाळी ‘टक’.

जांबोटीकर

बरोब्बर. शेत आणि घर, तेवढंच. बेळगावला आठवड्यातून एकदा. आणि बेळगावला जाऊन आलं की पुढचे दोन दिवस हमखास चांगली उचलते! हे कधी लक्षात आलं नव्हतं.

वायरमन_निपाणी

आता चोर पकडू. ज्या रात्री तो जागा असेल त्याच रात्री सापडेल, त्यामुळे रोज रात्री बघावं लागेल.

गाडी बंद, चावी बाहेर, सगळं बंद. बॅटरीची निगेटिव्ह तार काढा. नेहमी निगेटिव्हच आधी काढायची. पॉझिटिव्हवर पाना असताना तो बॉडीला लागला तर पाना लाल होईपर्यंत सुटत नाही. हातातलं घड्याळ, अंगठी, कडं काढून ठेवा. मग मीटर १० अँपिअरवर, एक टोक तारेला, दुसरं बॅटरीच्या निगेटिव्ह बुडख्याला. आता गाडीत जाणारा सगळा करंट मीटरमधून जाईल. या अवस्थेत चुकूनही सेल्फ मारू नका, हेडलाइट लावू नका.

आकडा ०.०२-०.०५ आला तर झोपा. अडीच आला तर एकेक फ्यूज काढत जा. ज्या फ्यूजला आकडा पडला, चोर त्या वाटेवर.

ऊसवाला_चिकोडी

मधी बोलतो, माफ करा. आमच्या ट्रॉलीच्या मागच्या लाइटी एक दिवस लागत्यात, एक दिवस न्हाय. आता हंगाम सुरू झाला की रात्रीची वाहतूक. पोलीस धरतोय ते जाऊ द्या, मागनं दुचाकीवाला येऊन धडकला तर? बल्ब नवे टाकले, वायर नवी टाकली. तरी तसंच. काय असंल?

वायरमन_निपाणी

ट्रॉलीला अर्थची वेगळी तार आहे का? का हुकातूनच अर्थ घेतलाय?

ऊसवाला_चिकोडी

वेगळी न्हाय. एकच तार जाती लाइटीला. परतीचं हुकातनंच.

वायरमन_निपाणी

मग तुमच्या लाइटीचा अर्धा रस्ता म्हणजे गंजलेली, ग्रीसनं माखलेली एक पिन. लोड भरला की हुक घट्ट ओढला जातो, दिवे लागतात. रिकामी ट्रॉली हिसके खाते, दिवे जातात. बघा बरं, रिकाम्या फेरीत जास्त जातात का.

सात पिनांचा सॉकेट बसवा आणि त्यातली एक पिन फक्त अर्थला द्या. इकडे ट्रॅक्टरच्या चेसिसला, तिकडे ट्रॉलीच्या फ्रेमला, रंग खरवडून, लखलखीत लोखंडावर. आणि रिफ्लेक्टर लावाच. दिवा गेला तरी रिफ्लेक्टर जात नाही.

ऊसवाला_चिकोडी

आयला, रिकाम्या फेरीतच जातंय ओ! बल्ब मात्र डझनभर बदलले म्या.

मीटरवाली

हा मुद्दा जांबोटीकरांनाही लागू आहे. ‘अर्थ’ हा शब्द ऐकला की लोकांना वाटतं ती घरातल्यासारखी सुरक्षेची तार. गाडीत तसं नाही. गाडीत बॉडी हीच परतीची तार. करंट जितका जातो तितकाच परत यावा लागतो. जाणारी वाट सगळे तपासतात, कारण ती रंगीत असते. परतीची वाट म्हणजे एक बोल्ट, एक थिंबल, म्हणजे तारेच्या टोकाची धातूची कडी, आणि त्याखालचा गंज. तिथे कुणी बघत नाही.

ब्रेक दाबला की इंडिकेटर मिणमिणणं ही त्याचीच खूण. मागच्या दिव्याचं अर्थ सुटलं की ब्रेकच्या बल्बमधला करंट घरी जायला दुसरी वाट शोधतो. शेजारच्या इंडिकेटरच्या बल्बमधून उलटा जातो, आणि जाता जाता तो थोडा पेटवतो. हेडलाइट लावल्यावर काटा चढणंही त्याच घराण्यातलं. डॅशबोर्डचं अर्थ सैल असणार.

हे ओहमवर मोजायला जाऊ नका. तारेतल्या वीस धाग्यांपैकी एकच शिल्लक असला तरी ओहमचा मीटर ‘शून्य’ म्हणून मोकळा होतो, कारण तो जेमतेम काही मिलीअँपिअर सोडून बघतो. एका धाग्यावरून मुंगी जाते, बैलगाडी जात नाही. म्हणून ओझं घालून मोजायचं. एक टोक बॅटरीच्या निगेटिव्ह बुडख्यावर, म्हणजे थिंबलवर नाही, शिशाच्या बुडख्यावरच. दुसरं इंजिनाच्या उघड्या लोखंडावर. कुणाला तरी सेल्फ मारायला सांगा आणि व्होल्ट वाचा. ०.२-०.३ पर्यंत ठीक. एक व्होल्ट आला तर तुमच्या बारा व्होल्टांतला एक गंजात गेला. डिझेलचा सेल्फ सहज दोनशे अँपिअर ओढतो. एका ओहमचा दोनशेवा भाग वाटेत अडला तरी व्होल्ट गेला समजा. तेवढा अडथळा ओहमच्या पट्टीवर दिसतसुद्धा नाही.

शिनोळीकर

मुंगी आणि बैलगाडी. मास्तरीणबाई, आम्हाला कॉलेजात तुम्ही का नव्हता?

जांबोटीकर (शुक्रवार)

इंजिनाचं अर्थ: सेल्फ मारताना ०.९ व्होल्ट! पट्टी सोडवली तर खालून हिरवी पूड निघाली, बोल्टाखाली बोटभर चिखल. पॉलिश पेपरनं घासली, बोल्ट नवा, वरून व्हॅसलीन. आता ०.१५. सेल्फ असा फिरला की बाबा अंगणातून म्हणाले, “बॅटरी परत नवी आणलीस की काय?”

मागच्या डाव्या दिव्याच्या अर्थचा स्क्रू रंगाच्या वरच बसवला होता. कुणीतरी गाडी रंगवली तेव्हा दिवा न काढता रंगवलेली दिसते. खरवडला. मिणमिणणं बंद. डॅशबोर्डच्या मागे अर्थची तार नुसती लोंबकळत होती, ती बसवली. काटा आता जागेवर बसतो.

पण चोर अजून आहे. काल रात्री मीटर ०.०१. आज सकाळी बॅटरी छान.

शिनोळीकर

तोपर्यंत माझं सांगतो. व्हॅनचा एक फ्यूज गतिरोधकावर उडतो. नाक्यापासून बेळगावपर्यंत गतिरोधक किती आहेत मोजलं तर फ्यूजचा खर्च कळेल. आता मोठा फ्यूज टाकावा म्हणतो.

वायरमन_निपाणी

मोठा फ्यूज टाकाल तर पुढच्या वेळी फ्यूजऐवजी वायर उडेल. फ्यूज वायरीला वाचवायला असतो, आपल्या सोयीसाठी नाही.

फ्यूजच्या जागी २१ वॅटचा ब्रेकचा बल्ब दोन तारांनी जोडा. शॉर्ट असेल तेव्हा बल्ब पूर्ण पेटेल, आणि करंट पावणेदोन अँपिअरच्या वर जाणार नाही, त्यामुळे काही जळत नाही. मग सावकाश एकेक वायर हलवत जा. दरवाज्याच्या बिजागरीपाशी, सीटखाली, जिथे वायर पत्र्याच्या भोकातून जाते तिथे. बल्ब लुकलुकला की हात तिथेच थांबवा.

जांबोटीकर (रविवार, रात्री ११:१५)

सापडला!! म्हणजे जागा असताना सापडला. मीटर २.६ दाखवतोय. आत्ता. हात थरथरताहेत. पाऊस आहे, बाबा टॉर्च धरून उभे आहेत.

सगळे फ्यूज एकेक करून काढले. जुना डबा, चिनी मातीचे फ्यूज, सहाच आहेत. पाच काढले, आकडा हलला नाही. सहावा, काट्यांचा, काढला तर २.६चा २.४ झाला. बस. सहाही बाहेर, आणि मीटर २.४. म्हणजे फ्यूजच्या अलीकडे काहीतरी आहे ना? परत डायनामोच? डायोड?

वायरमन_निपाणी

अलीकडे आहे खरं. या जुन्या जीपला फ्यूज कमी आणि बिनफ्यूजच्या वायरी जास्त. डायनामोची जाड तार काढून, कापडात गुंडाळून बाजूला ठेवा. आकडा पडला तर डायोड.

जांबोटीकर

काढली. २.४च.

मीटरवाली

थांबा थांबा. काट्यांचा फ्यूज काढल्यावर ०.२ कमी झाले?

चावी कुठे आहे?

जांबोटीकर

खिशात.

मीटरवाली

चावी खिशात असताना डिझेलच्या काट्याला करंट कशाला लागतोय?

वायरमन_निपाणी

बाई, तुम्ही पकडलात.

जांबोटीकर, चार्जिंगचा लाल दिवा लागतो का? चावी फिरवली की, सेल्फच्या आधी?

जांबोटीकर

तो दिवा मी कधी पेटलेला बघितलाच नाही. बल्ब गेलाय बहुतेक. चार्जिंग होतंय म्हणून कुणी लक्ष दिलं नाही. डिझेलचा काटा पण सात-आठ वर्षं मधेच अडकलाय, काडी घालून डिझेल बघतो आम्ही.

वायरमन_निपाणी

आता एक पाना घ्या. लोखंडी, कुठलाही. डायनामोच्या पाठीला, मधोमध बेअरिंगपाशी न्या. गाडी बंद आहे, पंखा फिरत नाही याची खात्री करूनच.

जांबोटीकर

चिकटला!!! खाट्कन. ओढून काढावा लागला. आणि डायनामो कोमट आहे! इंजिन गार पडलंय, हा एकटा भाकरीच्या टोपलीसारखा उबदार.

वायरमन_निपाणी

आता बाबांना म्हणावं मीटरवर नजर ठेवा. तुम्ही चावी परत लावा, जोर देऊन पूर्ण डावीकडे दाबा, आणि काढा.

जांबोटीकर

०.०१.

०.०१!! बाबा म्हणाले, “मेला.” पाना पण सुटला.

वायरमन_निपाणी

चावीचा स्विच झिजलाय. चांगल्या स्विचमधून चावी फक्त ‘बंद’वरच निघते. तुमचा इतका सैल झालाय की ‘चालू’ आणि ‘बंद’च्या मधेसुद्धा चावी हातात येते, आणि आतला पत्रा चालूवरच टेकलेला राहतो. पेट्रोल गाडी असती तर त्याच क्षणी कळलं असतं, कारण इंजिन बंदच झालं नसतं. तुम्ही दांडी ओढून इंजिन मारता आणि मग चावी काढता. त्यामुळे चावी कुठे राहिली याची इंजिनाला फिकीर नाही.

तुमच्या डायनामोचा कटआउट, म्हणजे चार्जिंगचा व्होल्टेज आवरणारा डबा, बाहेर, वेगळा आहे. त्यातून चावीच्या लाइनवरून फिल्डच्या गुंडाळीला, म्हणजे डायनामोतलं चुंबक तयार करणाऱ्या तारेला, करंट जातो. तोच तुमचा अडीच अँपिअर. रात्रभर बिचारा लोहचुंबक बनून बसायचा. लाल दिवा चांगला असता तर पहिल्या रात्रीच दिसलं असतं. तुमच्या रचनेत तो बल्ब चार्जिंगच्या वाटेवर नाही म्हणून गेला तरी भागलं. पुष्कळ गाड्यांत त्याच बल्बमधून डायनामोला पहिला करंट मिळतो. तिथे बल्ब गेला की रेस दिल्याशिवाय चार्जिंगच सुरू होत नाही.

स्विच बदला. आणि दहा-वीस रुपयांचा तो बल्ब आधी बदला.

उचगाव६२

पाना लावून बघायची युक्ती आम्हालाही माहीत नव्हती. चांगली आहे. बॅटरी न काढता होते.

ऊसवाला_चिकोडी

म्हंजे नवी बॅटरी, डायनामो, कार्बन... आणि निघाली चावी! किती गेले सगळे मिळून?

जांबोटीकर

आकडा लिहीत नाही, घरचेही हा धागा वाचतात.

शिनोळीकर

हॉर्नचं काय पण? भूत सुटलं का?

जांबोटीकर (पुढचा शनिवार)

हॉर्नचं भूत सापडलं. स्विच बदलायला डॅशबोर्डखाली शिरलो तेव्हा. स्टिअरिंगकडून आलेली हॉर्नची तार पत्र्याच्या भोकातून इंजिनकडे जाते. तिथला रबर कधीच गळून गेलेला. पत्र्याच्या धारेवर घासून तार अर्धा इंच उघडी. आणि तिच्या मागे उंदराचं घर! गोणपाटाचे धागे, काजूची टरफलं, आमच्या सीटचा स्पंज. पावसात उंदीर आत येत असणार आणि घरात वळला की तार पत्र्याला लागत असणार.

वायरमनभाऊ, एक विचारायचं होतं. बटण दाबल्यावर हॉर्नला करंट मिळतो ना? मग नुसती बॉडी लागली की हॉर्न कसा वाजतो? फ्यूज उडायला पाहिजे.

वायरमन_निपाणी

उलटं आहे. हॉर्नला एका बाजूनं करंट कायमच असतो. बटण दुसरी बाजू बॉडीला टेकवतं, एवढंच. म्हणून ती तार कुठेही बॉडीला लागली की गाडीच्या दृष्टीनं कुणीतरी बटण दाबलं. शॉर्ट नव्हे, त्यामुळे फ्यूज गप्प.

तारेवर टेप गुंडाळून सोडू नका. पावसाळ्यात टेपचा डिंक सुटतो. उघडा भाग कापा, जोड द्या, वर आकसणारी स्लीव्ह, आणि भोकाला नवा रबर. उसाच्या आणि भाताच्या पट्ट्यात उंदीर परत येणारच. आठवड्यातून एकदा बोनेट उघडा. गाडी रोज चालते तिथे घर करत नाहीत, उभी राहिली की करतात.

शिनोळीकर

माझाही निकाल सांगतो. २१ वॅटचा बल्ब लावून हलवत बसलो, मागच्या दरवाज्याच्या बिजागरीपाशी बल्ब लुकलुकला. नंबरप्लेटच्या दिव्याची तार. पंचेचाळीस मिनिटं लागली, त्यातली तीस योग्य तारेवर हात जायला.

आता हेडलाइटला १००/९० चे बल्ब टाकावे म्हणतो. चोर्ला घाटात धुक्यात काही दिसत नाही.

मीटरवाली

आधी भागाकार करा. ६० वॅटचे दोन म्हणजे १२ व्होल्टला १० अँपिअर. १०० वॅटचे दोन म्हणजे साडेसोळाच्या वर. तो सगळा तुमच्या जुन्या स्विचमधून जाणार. आधी बल्बपाशी व्होल्ट मोजा, दिवे लावून. बॅटरीला १४ आणि बल्बला ११.५ असेल तर मोठा बल्ब नको, वाट साफ करा. रिले बसवा म्हणजे बॅटरीतून सरळ जाड तारेनं करंट जाईल, स्विच फक्त रिलेला इशारा करेल. साधा ६०/५५ सुद्धा नवा वाटेल. आणि धुक्यात जास्त उजेड म्हणजे समोर जास्त पांढरी भिंत, हे चोर्ल्याला रोज जाणाऱ्याला मी काय सांगायचं.

ऊसवाला_चिकोडी

सॉकेट बसवला, अर्थ वेगळी दिली. रिकामी ट्रॉली दगडातनं नेली, एक दिवा हलला न्हाय. गावात आता सगळे मला इचारायला लागलेत. वायरमनभाऊ, तुमचं दुकान निपाणीत नक्की कुठं?

वायरमन_निपाणी

दुकान मुलाकडे दिलं. मी इथंच असतो.

जांबोटीकर (तीन आठवड्यांनी)

नवा स्विच, नवा लाल बल्ब. एकवीस दिवस, सकाळी १२.६ च्या खाली एकदाही नाही. काल कणकुंबीला भर पावसात जाऊन आलो, चार वेळा बंद-चालू.

पण बाबांचा नव्या स्विचवर विश्वास नाही. रात्री जेवण झालं की दहा नंबरचा पाना घेऊन जातात, बोनेट उघडतात, डायनामोच्या पाठीला लावून बघतात. चिकटला नाही की आत येऊन सांगतात, “झोपली.”

उचगाव६२

दहाचा लहान पडतो. सतराचा घ्या म्हणावं.